डोंबिवलीतला परदेशी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून आणि नवी वस्त्रे अंगावर चढवून डोंबिवलीतली तरुण मंडळी फडके रोडवर नेमकी कशासाठी जमतात, याचे समाधानकारक उत्तर त्या गर्दीतल्या कोणासही देता येणार नाही. पण ती जमतात, एकमेकांना न्याहाळतात, गणपतीच्या देवळापाशी क्षणभर हात जोडतात, आणि ज्या घरांतली मुले दूरदेशी गेली आहेत त्या घरांतून सुटीपुरती परतलेली मंडळीही त्या गर्दीत हमखास असतात. त्यांतला एक गृहस्थ आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. जन्म टिळकनगरातला, शाळा-कॉलेज इथलेच, पंचविशीच्या आत अमेरिकेस प्रयाण, तेथे पंधरा-अठरा वर्षे नोकरी, आणि मध्यंतरी केव्हातरी, रांगेत उभे राहून कंटाळल्यावर, तिकडचे नागरिकत्व. यंदा आई न्हाणीघरात घसरून पडली आणि हा गृहस्थ सुटीपुरता न येता कायमचा आला. नोकरी सोडली, पण पूर्वीच्याच दोन-तीन कंपन्यांना तांत्रिक सल्ला देण्याचे काम आता तो आईच्या खाटेशेजारच्या टेबलावर बसून, रात्री उशिरापर्यंत जागून, स्वतंत्रपणे करतो. बिले डॉलरात जातात. सोसायटीतली वृद्ध मंडळी त्याला अजून लहानपणीच्या नावानेच हाक मारतात. सरकारी दप्तराच्या लेखी मात्र तो परदेशी आहे, आणि परदेशात राहून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या परक्या माणसाला ज्या ज्या अडचणी येतात, त्या सर्व त्याला त्याच्या जन्मगावी, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत, येतात.

परदेशी हा शब्दही मोठा गमतीचा आहे. उत्तरेकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात मुरलेल्या अनेक कुटुंबांचे ते आडनाव आहे, आणि त्यांतल्या कोणाला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले तर तो निःशंकपणे कल्याणचा किंवा ठाण्याचा म्हणून सांगेल. व्यवहारात या प्रश्नाला एकच उत्तर असते. कायद्याचे तसे नाही. तो तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो: तू नागरिक कोणाचा, कराच्या हिशेबात निवासी कुठला, आणि परकीय चलनाच्या हिशेबात राहणारा कुठला? तिन्हींची मापे निराळी असल्यामुळे एकच माणूस एकाच दिवशी पहिल्या खिडकीवर परका, दुसरीवर अनिवासी आणि तिसरीवर सरळसरळ इथला रहिवासी ठरू शकतो. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक घोटाळे अप्रामाणिकपणातून झालेले नाहीत. पहिल्या खिडकीवर मिळालेले उत्तर उरलेल्या दोन्हींवर चालेल, या समजुतीतून झालेले आहेत. नोकरदाराला ही समजूत फारशी नडत नाही, कारण त्याच्या वतीने कर कापणारा आणि दाखले मागणारा एक मालक असतो. स्वतंत्र व्यावसायिकाला मालक नसतो, आणि म्हणून त्याची चूक तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही.

परक्या व्यापाऱ्यांच्या कज्ज्यांचा निकाल कोणी आणि कोणत्या कायद्याने करावयाचा, हा पेच आपल्या किनाऱ्याला नवा नाही. बगदादचा प्रवासी अल्‌ मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, चौलला आला तेव्हा तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादी ठिकाणांहून येऊन राहिलेले सुमारे दहा हजार मुसलमान त्याला आढळले. उत्तर कोकणावर तेव्हा शिलाहारांपैकी झंझ राजाचा अंमल होता. ठाण्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले तेच हे घराणे. या राजाने परक्यांचे तंटे मिटविण्यासाठी त्यांच्यातलाच एक मातब्बर नेमलेला होता. त्या अधिकाऱ्यास ‘हुनरमन’ म्हणत, आणि मसूदीच्या भेटीच्या वेळी अबू सईद मारूफ बिन झकरिया हा त्या पदावर होता. मसूदी आणखी एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो: परक्यांच्या पोटी पण याच भूमीवर जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे निराळे नाव होते. इथे जन्मलेला पण इथला न मानलेला, अशा माणसासाठी हजार वर्षांपूर्वीही एक स्वतंत्र शब्द लागत होता, तर आजही लागला याचे आश्चर्य वाटावयास नको.

आजचा तो शब्द म्हणजे ओसीआय. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमाप्रमाणे भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करले की त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते; त्यासाठी अर्ज, हुकूम, सुनावणी काही लागत नाही. पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घेणे हे पुढचे कागदी काम झाले. गोव्यात ज्यांनी लिस्बनच्या नोंदवहीत आपला जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढला, त्यांच्यापुढेही हेच ९वे कलम उभे राहते. असे तुटलेले नाते थोडेफार सांधण्यासाठी सरकारने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची (ओसीआय) योजना काढली आणि जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय संमेलनात तिची पहिली कार्डे वाटली गेली. नावात नागरिकत्व असले तरी ते नागरिकत्व नव्हे; तो फार तर आजन्म टिकणारा आणि पुष्कळ सवलती असलेला प्रवेशपरवाना आहे. कार्डधारकास कितीही वर्षे राहता येते, पोलिसांकडे परक्याची नोंदणी करावी लागत नाही, व्यवसाय करता येतो, सदनिका विकत घेता येते. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल यांना संबंधित कायद्यांच्या अटी पाळून आपापला पेशाही चालविता येतो. मतदान मात्र करता येत नाही, आणि सरकारी नोकरीही मिळत नाही.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने मार्च २०२१ची अधिसूचना एकदा शांतपणे वाचावी असे मी सुचवीन. संशोधन, धर्मप्रचाराचे काम, गिर्यारोहण आणि पत्रकारिता यांसाठी कार्डधारकास खास परवानगी घ्यावी लागते, हे तीत स्पष्ट लिहिलेले आहे. आमचा गृहस्थ संगणकाचा सल्लागार असल्यामुळे यातून सुटतो. पण त्याच्या जागी परदेशी नियतकालिकांना बातमीपत्रे पाठविणारा लेखक असता, तर घरच्या टेबलावर बसून केलेले त्याचे पोटापाण्याचे कामच विनापरवाना ठरले असते. तीच गोष्ट जमिनीची. बदलापूर, मुरबाड, कर्जत या बाजूला शेतघरांच्या जाहिराती लोकलच्या डब्यांतून लटकत असतात आणि परतलेल्या माणसाला त्या विशेष भुरळ घालतात. परंतु शेतजमीन, शेतघर आणि मळा यांची खरेदी कार्डाच्या हक्कांत बसत नाही. वडिलार्जित सातबारावर वारस म्हणून नाव लागणे निराळे आणि नवी जमीन घेणे निराळे. (महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेणे तसेही सोपे नाही, तेव्हा या बाबतीत अमेरिकन आणि डोंबिवलीकर बरेचसे एका पंक्तीला बसतात.) बायको परक्या वंशाची असेल, तर विवाहाची नोंद होऊन सलग दोन वर्षे संसार झाल्यावाचून तिला या कार्डासाठी अर्ज करता येत नाही, तोवर तिच्यापाशी जो व्हिसा असेल त्याच्याच अटी, आणि पतीबरोबर राहण्यासाठी मिळालेल्या व्हिसावर सहसा कमाई करता येत नाही.

आता दुसरी खिडकी. प्राप्तिकराला पासपोर्टाचे फारसे सोयरसुतक नाही. तो दिवस मोजतो. १९६१चा कायदा जाऊन त्या जागी २०२५चा नवा कायदा आला, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली, ‘करनिर्धारण वर्ष’ हा पिढ्यान्‌पिढ्या छळणारा शब्द जाऊन ‘कर वर्ष’ हा सुटसुटीत शब्द आला. पण दिवसांची मोजणी तीच राहिली. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस भारतात काढले की माणूस निवासी. १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंतचे दिवस साध्या वर्षी बरोबर १८२ भरतात. म्हणजे जो गणपतीला आला आणि राहिला तो त्या वर्षापुरता निवासी झाला. जो दिवाळीला आला, आणि आधीच्या महिन्यांत फिरकला नव्हता, तो बहुधा अनिवासी राहिला. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, ६० दिवसांची आणि मागील ४ वर्षांतील ३६५ दिवसांची आणखी एक कसोटी आहे, आणि केवळ भेटीसाठी येणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाचे भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ६०च्या जागी १२० दिवस धरतात; विमानाच्या जुन्या तिकिटांच्या नकला फेकून देऊ नयेत त्या यासाठीच.

निवासी झाल्यावरही पहिली दोन-तीन वर्षे कायदा परतलेल्याशी सौम्यपणे वागतो. मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील ७ वर्षांत ज्याचे भारतातले दिवस ७२९च्या वर गेले नाहीत, तो निवासी असला तरी ‘सामान्यतः निवासी’ नव्हे. त्याच्या अमेरिकेतल्या घराचे भाडे, तिकडच्या समभागांचा लाभांश यांवर इथे कर लागत नाही. सापळा नेमका इथेच आहे. आमच्या गृहस्थाला वाटते, पैसे देणारी कंपनी अमेरिकेतली, चलन डॉलर, रक्कम जमा होते तीही तिकडच्या बँकेत. मग हे उत्पन्न परदेशीच नव्हे काय? नव्हे. सल्ला देणारे डोके आणि टंकलेखन करणारी बोटे ज्या गावात असतात त्या गावात ते उत्पन्न उपजते. टिळकनगरात बसून केलेल्या कामाची मिळकत टिळकनगरातली, मग ती जगाच्या कोणत्याही तिजोरीत जाऊन पडो. ती सवलतीत येत नाही, आणि माणूस अनिवासी असला तरी सुटत नाही. हे वाक्य मी कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांना तीन-तीनदा सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर आपली फसवणूक झाल्याची तीच भावना पाहिली आहे.

इथले उरलेले कागद त्या मानाने सोपे. गुमास्ता परवाना हा फारसी वळणाचा शब्द १९४८च्या दुकाने-आस्थापना कायद्यापासून लोकांच्या तोंडी बसला आहे. २०१७च्या कायद्याने मोजकेच कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देऊन चालते, पण बँकेत चालू खाते उघडताना पलीकडचा कारकून अजून ‘गुमास्ता आणा’ असेच म्हणतो. राज्याचा व्यवसाय कर १९७५च्या कायद्याचा, वर्षाला २,५०० रुपये. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने याहून अधिक घेण्याची मुभाच ठेवलेली नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. सेवा परदेशी ग्राहकाला पुरविली आणि तिचा मोबदला परकीय चलनात पोहोचल्याचा बँकेचा दाखला असला म्हणजे ती निर्यात ठरून कर शून्य, मात्र त्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र भरून द्यावे लागते आणि दाखला मागण्याची आठवण आपणच बँकेला करावी लागते. जुन्या कायद्यातल्या ‘चव्वेचाळीस एडीए’ या कलमाची सवलत ठरावीक पेशांच्या लोकांना आहे: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत असेल, तर तिचा निम्मा हिस्सा नफा मानून कर भरावा, वह्यांची झडती नाही. ही सवलत निवासी माणसासाठी आहे. दिवाळीला आलेल्याला ती पहिल्या वर्षी मिळत नाही, हे दिवाळीला येणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

आमच्या गृहस्थाच्या शेजारच्या इमारतीत इंग्लंडचा पासपोर्ट घेऊन परतलेला दुसरा एक गृहस्थ राहतो असे समजा. त्याचा प्रश्न बराचसा इथेच संपतो, कारण इंग्लंड देश सोडून गेलेल्याच्या मागे कराचा तगादा घेऊन सहसा धावत नाही. तो आपल्या रहिवाशांकडून कर घेतो. नागरिक जगात कुठेही असो, त्याच्या साऱ्या मिळकतीवर हक्क सांगणारे देश दोनच म्हणून सांगतात, एक अमेरिका आणि दुसरा आफ्रिकेतला चिमुकला एरिट्रिया. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकन नागरिकाने या हक्काला न्यायालयात आव्हान दिले, आणि १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. शंभर वर्षे उलटली तरी तो निकाल उभा आहे. अर्थात भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झालेला असल्यामुळे डोंबिवलीत केलेल्या कामावर भारताला भरलेला प्राप्तिकर तिकडच्या प्राप्तिकरातून वळता करून मिळतो, आणि आपल्याकडचे दर पाहता तिकडे द्यावयाचे बहुधा काही उरत नाही.

पण प्राप्तिकर हा अमेरिकन स्वयंरोजगाराच्या दोन पायांपैकी एकच. दुसरा पाय सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा. नोकरदाराची ही वर्गणी निम्मी मालक भरतो. स्वतंत्र व्यावसायिक स्वतःच मालक असल्यामुळे दोन्ही वाटे त्याच्याच खिशातून, एकूण १५.३ टक्के, निव्वळ नफ्याच्या ९२.३५ टक्के भागावर. वर्षाअखेर ६०,००० डॉलर उरले तर सुमारे ८,४७८ डॉलर या खात्यात गेले. जर्मनी, फ्रान्स अशा कित्येक देशांशी अमेरिकेचे या वर्गणीपुरते स्वतंत्र करार आहेत, त्यामुळे बर्लिनमधला अमेरिकन ती एकाच देशात भरतो. भारताशी असा करार नाही. परदेशातील कमाईला प्राप्तिकरातून मिळणारी सूटही इथे उपयोगी पडत नाही, आणि भारतात भरलेला करही या रकमेतून वजा होत नाही. त्यातली २.९ टक्के वर्गणी वृद्धांच्या वैद्यकीय मदतीसाठी असते, जी मदत काही अपवाद वगळता अमेरिकेबाहेर चालत नाही. म्हणजे डोंबिवलीच्या इस्पितळात आईच्या मांडीचे हाड जोडून घेणारा हा मुलगा न्यूजर्सीतल्या कोणा आजीच्या औषधपाण्याला हातभार लावीत असतो. एक दिलासा आहे तो सांगितला पाहिजे: या वर्गणीची दहा वर्षे, त्यांच्या हिशेबात ४० तिमाह्या, पुरी झाली की वृद्धापकाळी निवृत्तिवेतन मिळते, आणि डोंबिवलीतली वर्षेही त्या मोजणीत धरली जातात. यातून सुटण्यासाठी इथे खाजगी कंपनी काढून तिचे पगारदार होण्याची युक्ती काहीजण करतात. ती बेकायदेशीर नाही, पण मग त्या कंपनीची कैफियत दरसाल अमेरिकेला देण्यासाठी जे जाडजूड विवरण भरावे लागते, त्याच्या तज्ज्ञाची फी आधी विचारून घ्यावी.

दोन्ही सरकारांचे वर्षही निराळे, एकाचे एप्रिल ते मार्च, दुसऱ्याचे जानेवारी ते डिसेंबर. आगाऊ कराचे हप्ते दोघांचेही वर्षातून चार. त्यांतल्या १५ जून आणि १५ सप्टेंबर या तारखा योगायोगाने दोन्हीकडे सारख्याच आहेत, एवढाच काय तो दोन लोकशाह्यांमधला सलोखा.

याहून बिकट भानगड उद्भवते ती पुत्रप्रेमातून. आई आजारी, तिला बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ती आपल्या मुदतठेवींवर मुलाचे नाव घालते: ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’. पैसा तिचा, व्याज तिचे, मुलाची फक्त सही. अमेरिकेचा नियम मात्र असा की, ज्या परदेशी खात्यांत नागरिकाचा हिस्सा आहे किंवा ज्यांवर त्याला सहीचा अधिकार आहे, अशा सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्या प्रत्येक खात्याची माहिती तिकडच्या अर्थखात्याला दरसाल कळवली पाहिजे. त्यावर कर नाही. न कळविण्यावर दंड आहे. रुमानियात जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक झालेला आणि १९९०मध्ये पुन्हा मायदेशी परतून धंद्यात पडलेला अलेक्झांड्रू बिटनर याला हा नियमच ठाऊक नव्हता. त्याच्या २७२ नोंदींसाठी सरकारने दर खात्यामागे १०,००० डॉलर या हिशेबाने २७ लाख २० हजार डॉलरांचा दंड मागितला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दंड खात्यागणिक नव्हे तर विवरणागणिक लावावा असे ठरविले आणि पाच वर्षांचे ५०,००० डॉलर राहिले. आमच्या गृहस्थाचा आणि बिटनरचा मार्ग एकच आहे, फरक फक्त पैशाच्या राशीचा. आणि ‘कोण सांगायला जातो’ हा आपला लाडका युक्तिवाद ९ जुलै २०१५ रोजी भारताने अमेरिकेशी माहिती-विनिमयाचा करार केला तेव्हापासून निकालात निघाला आहे. बँकेच्या अर्जात करनिवासाचा जो चौकोन असतो तो त्यासाठीच.

तिसऱ्या खिडकीविषयी थोडक्यात. १९९९च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, व्यवसायासाठी किंवा किती दिवस राहणार हे अनिश्चित ठेवून माणूस भारतात आला, तर तो तत्काळ निवासी समजला जातो. तेथे १८२ दिवसांची वाट पाहण्याचे कारण नसते. म्हणून दिवाळीला कायमचा आलेला गृहस्थ मार्चअखेर प्राप्तिकरात अनिवासी असला तरी बँकेच्या लेखी तो आल्यादिवसापासून इथला, आणि त्याची अनिवासी खाती निवासी करून घेण्याची जबाबदारी त्याच्यावरच. अमेरिकेत असताना मिळविलेली तिकडची मालमत्ता मात्र त्याला तशीच ठेवता येते. तिकडे असताना इथला फ्लॅट सांभाळण्यासाठी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचे झाले तर परदेशात झालेली सही भारतीय वकिलातीत किंवा, २००५पासून भारत सामील असलेल्या हेग कराराप्रमाणे, तिथल्या सरकारच्या शिक्क्याने साक्षांकित व्हावी लागते, आणि दस्तऐवज महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही तीन महिन्यांची मुदत पाळणारे मी फार थोडे पाहिले.

या साऱ्यातून एक दार पुन्हा आत जाण्याचेही आहे. कार्ड घेऊन पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वीचे बारा महिने माणूस भारतातच राहिला असेल, तर नागरिकत्व कायद्याच्या ५व्या कलमाखाली त्याला पुन्हा भारतीय नागरिक म्हणून नोंदवून घेता येते. अट एवढीच की अमेरिकेचे नागरिकत्व सोडले पाहिजे. आई हा अर्ज करण्याचा आग्रह धरते, तिकडे कॉलेजात असलेली मुलगी नको म्हणते, आणि गृहस्थ आणखी एक वर्ष थांबू म्हणतो. मतदारयादीत त्याचे नाव मात्र अजून आहे. ते त्याने काढून घ्यावयास हवे होते. घरोघर यादी तपासत आलेल्या बाईंना आईनेच मोठ्या अभिमानाने सांगितले, ‘आहे तर, आता इथेच असतो तो.’